30 मीटर डीपी रस्त्यावर दुभाजक येतोय, सूचना द्यायला पंधरा दिवस आहेत, काय लिहू?

गावठाणवाली

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज, मदत हवीये.

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्याला येऊन मिळणारा आमचा डीपी रस्ता (विकास आराखड्यातला) आहे, 30 मीटर रुंद. 2021 ला 23 गावं महापालिकेच्या हद्दीत आली त्यात आमचंही गाव होतं. तेव्हा रस्त्याच्या पलीकडं ऊस होता, आता बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत. अलीकडं गावठाण, मराठी शाळा, दवाखाना, देऊळ. म्हणजे राहणारी माणसं दोन्हीकडं वाढली पण शाळा नि दवाखाना एकाच बाजूला, त्यामुळं सकाळी सात ते नऊ आणि दुपारी बाराच्या आसपास सारखी ये-जा असते.

आता रस्ता काँक्रीटचा होतोय आणि मधे डिव्हायडर. ड्रॉइंग बघायला मिळालं. 1.8 किलोमीटर लांबी, दुभाजक 60 सेंटीमीटर रुंद, वर लोखंडी जाळी, आणि पंक्चर (म्हणजे दुभाजकात वळायला सोडलेली मोकळी जागा) फक्त तीन: दोन टोकांना दोन आणि बरोब्बर मधे एक, ते एका मोठ्या गृहप्रकल्पाच्या गेटसमोर. गावठाण फाट्याला पंक्चर नाही. शाळेसमोर तर काहीच नाही, झेब्रासुद्धा नाही.

दुभाजक नको असं माझं म्हणणं नाही हो. मागच्या वर्षी समोरासमोर धडक झालेली आम्ही पाहिलीये, रात्री ओव्हरटेक करताना. पण माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, दर सोमवारी बीपी तपासायला पलीकडून अलीकडं येतात (आम्ही आता सोसायटीत राहतो), आणि जवळच्याच दुसऱ्या रस्त्यावर असाच अरुंद दुभाजक आहे तिथं त्या एकदा मधे अडकल्या होत्या. दोन्ही पावलं आडवी करून उभ्या, साडीचा पदर हातात गच्च धरलेला, आणि दोन्हीकडून बस. मी पलीकडून बघत होते, काही करता येत नव्हतं. ते डोळ्यासमोरून जात नाही म्हणून हा धागा.

प्रश्न असा की कुठल्या प्रकारचा दुभाजक मागायचा? रुंद, अरुंद, झाडांचा, जाळीचा, नुसता पट्टा? आणि पंक्चर किती मागायची? महापालिकेच्या ऑफिसात "मॅडम टेक्निकल लिहून द्या" म्हणाले, तर टेक्निकलच लिहून देऊ.

रिटायर्ड_सिव्हिल

ताई, चांगलं केलंत वेळेत विचारलंत. काँक्रीट पडल्यावर कोणी ऐकत नाही, कारण फोडायचं टेंडर वेगळं असतं.

आधी तुमच्या ड्रॉइंगचं गणित बघू. 30 मीटरमधून 60 सेंटीमीटरचा दुभाजक गेला आणि दोन्हीकडं तीन-तीन लेन साडेतीन मीटरच्या धरल्या असतील तर 10.5 + 10.5, म्हणजे 21.6 झाले. उरले 8.4, प्रत्येक बाजूला 4.2 मीटर, त्यात गटार, फूटपाथ, झाडं, विजेचे डीपी बॉक्स सगळं. बरोबर ना? बहुतेक तसंच असणार, कारण सगळीकडं हेच चित्र छापून लावतात.

आता साडेतीन मीटरची लेन ही वेगाच्या रस्त्याची लेन आहे. शाळा-दवाखान्याच्या वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक लेनला तेवढी रुंदी दिली तर गाडीवाला ती वेगासाठीच वापरतो. त्याऐवजी 3.25, 3.25 आणि 3.0 अशा लेन मागा, म्हणजे एका बाजूला 9.5, दोन्ही मिळून 19. मग दुभाजकाला 2 मीटर मिळतात आणि तरीही प्रत्येक फूटपाथच्या बाजूला 30 सेंटीमीटर जास्त उरतात. एक इंचही जमीन जास्त लागत नाही, ताबा लागत नाही, कोणाची भिंत पाडावी लागत नाही. हे पत्रात पहिलं लिहा.

2 मीटरच का? आयआरसी:86 (इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली) मधे शहरी रस्त्यांसाठी दुभाजकाची किमान रुंदी 1.2 मीटर दिलीये, माणसाला मधे थांबता यावं म्हणून, आणि शक्य असेल तिथं 5 मीटर असावी असं म्हटलंय. तुमचा 60 सेंटीमीटर किमानच्या निम्मा आहे. पण 1.2 मधे एकटा माणूस उभा राहतो, सायकल नाही राहत, सायकल साधारण 1.8 मीटर लांब असते. बाळाची ढकलगाडी आणि ती ढकलणारी आई मिळून तेवढंच होतं. म्हणून 2.

गावठाणवाली

काका हे सोन्यासारखं आहे. लेनची रुंदी कमी करून मिळेल हे डोक्यातच आलं नव्हतं, मला वाटलं फूटपाथ मारतील.

चार_नंबर_गल्ली

पण लेन कमी रुंद केली की बस आणि टँकर अडतील असं ते म्हणतील बघा. आमच्याकडं म्हणाले होते.

रिटायर्ड_सिव्हिल

म्हणतीलच. बसची रुंदी 2.6 मीटरपर्यंत असते, 3.25 च्या डावीकडच्या लेनमधे व्यवस्थित बसते. 3.0 ची लेन दुभाजकाजवळची ठेवायची, तिथून दुचाकी आणि कार जातात. बसला डावीकडंच थांबायचं असतं.

आता सासूबाईंचं गणित करा, तेही पत्रात जाऊ दे. म्हातारं माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालतं असं धरू. 21.6 मीटर एका दमात ओलांडायला 27 सेकंद. 50 च्या वेगानं येणारी गाडी 27 सेकंदात 375 मीटर येते, म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी एवढा मोकळा रस्ता मिळाला तर त्या सुरक्षित. गर्दीच्या वेळी तो मिळणारच नाही. मधे नीट थांबायला जागा असेल तर 9.5 मीटर, 12 सेकंद, आणि फक्त एका बाजूचे 165 मीटर बघायचे. आधी उजवीकडं बघून मधे या, श्वास घ्या, मग डावीकडं बघून पुढं. जागा तीच, माणूस तोच, फक्त मधल्या दोन मीटरांनी काम निम्म्यापेक्षा सोपं होतं.

आणि हे कौतुकाचं म्हणून मागायचं नाही. 2022 मधे देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यात 32,825 पायी चालणारी होती. केंद्राच्या परिवहन खात्याचाच आकडा आहे.

मिशिगनवासी

मूळचा नगरचा, आता डेट्रॉइटजवळ आहे, वाहतुकीच्या कामाशी थोडा संबंध येतो म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या उपनगरांत हाच वाद पन्नास-साठ वर्षं चालूये आणि त्यांनी बऱ्याच चुका आधीच करून ठेवल्यात, त्या आपण पुन्हा करायची गरज नाही.

त्यांच्याकडं वाढत्या वस्तीत आधी दुभाजकाऐवजी मधे एक रंगवलेली लेन ठेवायचे, दोन्ही दिशांच्या गाड्यांनी वळायला तिथं येऊन थांबायचं. रहदारी कमी असेल, गेट लांब लांब असतील तोवर बरं चालतं. वस्ती वाढली, दर पन्नास मीटरला दुकानाचं गेट आलं की त्या लेनमधे समोरासमोर दोन गाड्या येतात. आणि पायी माणसाला तर मधे काहीच आधार नाही, पाच लेन सलग. म्हणून "नुसता पट्टा" हा पर्याय तुमच्या रस्त्याला मागू नका. आपल्याकडं तर रंगवलेल्या पट्ट्यावर दुसऱ्या दिवशी पार्किंग होईल.

उंच दुभाजक आणि मधे थांबायची जागा याचा फायदा त्यांच्या फेडरल हायवे प्रशासनाने मोजलाय: झेब्रासकट दुभाजक असेल तर पादचाऱ्यांचे अपघात 46 टक्के कमी, आणि मधे खास थांब्याचं बेट असेल तर 56 टक्के. आकडा तिकडचा आहे, आपल्या रहदारीला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

आमच्या मिशिगनमधे अजून एक पद्धत आहे. टेलिग्राफ रोडसारख्या रस्त्यांवर चौकात थेट वळूच देत नाहीत (आपल्या हिशोबानं उजवं वळण), सरळ पुढं जायचं, थोड्या अंतरावर रुंद दुभाजकातून यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. 1960 च्या दशकापासून चालू आहे. आपल्याकडं पण आता "राइट टर्न बंद, पुढून यू-टर्न" सगळीकडं करतात, पण तिथला दुभाजक पंधरा-वीस मीटर रुंद असतो म्हणून ट्रकसुद्धा एका दमात वळतो. आपण 60 सेंटीमीटरच्या दुभाजकाला तेच करायला गेलो तर कारसुद्धा दोनदा मागंपुढं करते आणि मागं लाइन लागते. पद्धत घेतली आणि जागा घेतली नाही तर उपयोग नाही.

ऊसवाला

मिशिगनवासी बरोबर बोलले. आमच्याकडं शिरूर-दौंड साइडनं कारखान्याला ऊस जातो, नोव्हेंबरपासून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर दिवसरात्र चालू असतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर यू-टर्न घेऊ शकत नाही म्हणजे नाहीच. फाट्यावर पंक्चर नसेल तर तो राँग साइडनं येतो, ड्रायव्हरची हौस नाही, दुसरा मार्गच ठेवलेला नाही. रात्री दिवे नसलेला ट्रॅक्टर समोरून आला तर काय होतं ते सांगायला नको. ताई तुमच्या गावात अजून ऊस असेल तर गावठाण फाट्याचं पंक्चर सोडू नका.

गावठाणवाली

आहे, अजून तीसेक एकर तरी असेल मागच्या बाजूला. आणि राँग साइडचं म्हणाल तर ते ड्रॉइंगमधेच दिसतंय. मधलं पंक्चर 900 मीटरवर, आमचं गेट त्याच्या अलीकडं 450 वर. उजवीकडं जायचं असेल तर 450 पुढं, वळा, 450 मागं, म्हणजे 900 मीटर जास्तीचं, आणि ते कशासाठी तर समोर दिसणाऱ्या किराणा दुकानासाठी. सगळी दुचाकी राँग साइडनं जाणार, माझा नवरापण जाईल, मला माहितीये. मग दर 100 मीटरला पंक्चर मागू का?

रिटायर्ड_सिव्हिल

नाही! इथंच लोक घसरतात. प्रत्येक सोसायटी आपल्या गेटसमोर पंक्चर मागते, नगरसेवकाकडं जाते, आणि दोन वर्षांत दुभाजकाची चाळण होते.

कारण समजून घ्या. तीन रस्ते मिळतात अशा उघड्या फाट्यावर गाड्यांचे मार्ग एकमेकांना 9 ठिकाणी छेदतात, मिसळतात किंवा फुटतात. चार रस्त्यांच्या चौकात 32 ठिकाणी. दुभाजक बंद ठेवून फक्त डावीकडून आत, डावीकडून बाहेर केलं तर तिथं 2 उरतात. म्हणजे प्रत्येक पंक्चर म्हणजे 7 नव्या ठिकाणी टक्कर होण्याची शक्यता, आणि ती रोज, वर्षानुवर्षं.

शिवाय पंक्चरवर वळायला थांबलेली गाडी उभी कुठं राहते? दुभाजकाला चिकटलेल्या लेनमधे, जिथं मागून सगळ्यात जोरात येतात. तिला उभं राहायला वेगळा खिसा लागतो, त्याला दुभाजक किमान 4 मीटर हवा. तुमच्याकडं 2 च आहेत, म्हणून सरसकट 2 ठेवायचा आणि पंक्चरच्या ठिकाणी डावीकडची लेन सुमारे पन्नास-साठ मीटर पार्किंग-थांबा काहीही न ठेवता मोकळी करून मार्ग थोडा डावीकडं सरकवायचा. अशा चार-पाच ठिकाणीच हे जमेल, दर 100 मीटरला नाही.

माझं मत: टोकांची दोन, गावठाण फाटा एक, मधलं एक, पण ते प्रकल्पाच्या गेटसमोर नाही, जिथं आडवा डीपी रस्ता पुढं निघणार आहे तिथं. गाड्यांसाठी एवढीच. आणि पायी माणसांसाठी वेगळी तीन-चार, ज्यातून गाडी जाणारच नाही.

सायकलवाली_शिक्षिका

हाच मुद्दा मला लिहायचा होता. आपल्याकडं पंक्चर म्हटलं की गाडीचं पंक्चर. माणसासाठी दुभाजक उघडायचा ही कल्पनाच ड्रॉइंगमधे नसते. शाळेसमोर दोन-अडीच मीटरची फट ठेवायची, जमीन रस्त्याच्या पातळीला, मधे दोन खांब म्हणजे कार-रिक्षा घुसणार नाही (खांबांमधे सव्वा मीटर अंतर ठेवा, व्हीलचेअर गेली पाहिजे), आणि ती फट सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवायची. तिरकी का, तर मधे आल्यावर माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडं होतं. लहान मुलं सरळ धावत सुटतात, तिरक्या वाटेनं त्यांना वळावंच लागतं. मी रोज तीस-चाळीस पोरं रस्ता ओलांडून आणते, सांगते ते बघून सांगते.

आणि झेब्रा रस्त्याच्या पातळीला नको, उचललेला हवा, फूटपाथच्या उंचीचा. दुभाजक झाला की समोरून येणाऱ्याची भीती जाते आणि गाड्यांचा वेग वाढतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. तो वेग शाळेपाशी उतरवायला उचललेला झेब्राच कामाला येतो, बोर्ड नाही.

दुकानदार

माझं गाळ्यात हार्डवेअरचं दुकान आहे, अशाच एका रस्त्यावर. कोणी व्यापाऱ्याची बाजू लिहीत नाही म्हणून लिहितो. दुभाजक झाल्यावर पलीकडचं गिऱ्हाईक पहिले सहा महिने जवळजवळ तुटलं. सिमेंटची गोणी घेऊन कोण जाळीवरून चढणार? मग लोकांनी जाळीचे दोन गज वाकवले, मग तीन, मग पूर्ण तुकडा गेला. आता तिथूनच सगळे येतात, बायका पोरं घेऊन, खाली पाय ठेवायला नीट जागा नाही. मला गिऱ्हाईक परत मिळालं पण रोज भीती वाटते.

ताई तुमच्या इथं पायी फट दुकानांच्या समोर ठेवली तर व्यापारीसुद्धा तुमच्या पत्रावर सह्या करतील. आमच्याकडं कोणी विचारायलाच आलं नव्हतं.

गावठाणवाली

दादा खरंच धन्यवाद, उद्याच दुकानदारांकडं जाते. जाळी नको असं लिहू मग?

रिटायर्ड_सिव्हिल

जाळी पूर्ण नको असं नाही. पायी फटीच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस मीटर जाळी उपयोगी पडते, माणसं फटीकडंच येतात. पण 1.8 किलोमीटर सलग जाळी म्हणजे तुटणारच, दुकानदार भाऊंनी सांगितलं तसं. त्यांच्यासारखी तुटलेली ठिकाणं जवळपासच्या रस्त्यांवर मोजा, तिथं लोकांना काय हवंय ते दिसतं.

आणि मोठ्या हायवेवरचा तो काँक्रीटचा उतरत्या बाजूंचा बॅरियर, साधारण 80 सेंटीमीटर उंच, न्यू जर्सीत निघाला म्हणून तेच नाव, तो जर कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. तो भरधाव ट्रक पलीकडं जाऊ नये यासाठी आहे. वस्तीत त्याच्यामागं सहा वर्षांचं पोर छातीपर्यंत झाकलं जातं.

बागेतली_माती

झाडांबद्दल कोणीच बोललं नाही. 2 मीटर मिळाले तर माती किमान दीड मीटर रुंद मिळेल, त्यात कण्हेर, तगर, टेकोमा चांगली येतात. कण्हेर एवढी सगळीकडं दिसते कारण तिला पाणी कमी लागतं आणि शेळ्या-गाई खात नाहीत (विषारी आहे), शिवाय रात्री समोरच्या गाडीचा उजेड अडवते. 60 सेंटीमीटरच्या दुभाजकात कर्ब (कडेचे दगड) जाऊन माती उरते तीस-चाळीस सेंटीमीटर, तिथं काही जगत नाही, मे महिन्यात नुसता कचरा नि वाळक्या काड्या.

पण पंक्चर आणि फटींच्या अलीकडं निदान वीस-तीस मीटर कण्हेर लावू नका, लावायचंच तर गुडघ्याच्या खालचं. कारमधल्या ड्रायव्हरची नजर जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर असते, मधलं झुडूप तेवढं वाढलं की मागं उभं माणूस दिसत नाही. आणि मातीची पातळी कर्बच्या दोन-तीन इंच खाली ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्या पावसात सगळी रस्त्यावर येते आणि दुचाक्या घसरतात. पाण्यासाठी ठिबकची लाइन काँक्रीटच्या आधीच टाकून घ्या. नाहीतर उन्हाळाभर टँकर आतल्या लेनमधे उभा राहणार, आणि त्याच्या मागं कोणीतरी आपटणार.

घोडबंदरकर

ठाण्याहून. आमच्याकडं वेगळीच गोष्ट चालूये, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळतायत, म्हणजे मधला नाही तर कडेचा दुभाजक जातोय. त्यामुळं सोसायटीचं गेट थेट मोठ्या रस्त्यावर उघडतं. तुमच्याकडं भविष्यात सेवा रस्ता येणार असेल तर आत्ताच विचारून घ्या, कारण मधला दुभाजक आज जिथं बसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरं, पाणी. रस्ता एकाच बाजूला उतरता असेल तर मधला दुभाजक म्हणजे बांध. खालून पाइप किंवा दर काही मीटरला फट ठेवली नाही तर आतल्या लेनमधे तळं साचतं. आणि रात्री दुभाजकाचं टोक! अंधारात दिसत नाही, थेट चढतात. टोक उतरतं करून पिवळा-काळा रंग, रिफ्लेक्टर, कॅट आय आणि वर दिवा, हे पहिल्या दिवसापासून हवं, "नंतर लावू" नाही.

मेट्रोप्रवासी

नगर रस्त्यावर 2016 ला बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) सुरू झाली तेव्हा बस थांबे मधे होते, आठवतंय ना? तेव्हा प्रत्येक प्रवाशाला मधे जावंच लागायचं. पुढं ती मार्गिका काढली. तुमच्या रस्त्यावर बस थांबे डावीकडंच असणार, मग पायी फट थांब्यांच्या मागच्या बाजूला ठेवा, पुढं नाही. बसच्या पुढून ओलांडणारा माणूस मागून ओव्हरटेक करणाऱ्याला दिसत नाही. थांब्याच्या मागून ओलांडला तर बस निघून गेलेली असते किंवा निदान पुढं असते.

गावठाणवाली

मंडळी, दोन रात्री बसून पत्र लिहिलं. चार पानं झाली. 3.25-3.25-3.0 च्या लेन, 2 मीटर दुभाजक, गाड्यांची चार पंक्चर, पायी चार फटी (शाळा, दवाखाना, देऊळ, दुकानं), उचललेला झेब्रा शाळेपाशी, ठिबक, पाइप, टोकाला दिवा. 27 सेकंद आणि 12 सेकंदांचं गणित जसंच्या तसं टाकलंय काका. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "माझं नाव नको घालू, पण सोमवार घाल, सोमवारी साखर-बीपीवाले सगळेच येतात". सोमवार घातला.

एकच राहिलं. काँक्रीटच्या आधी महिनाभर प्लास्टिकचे बॅरियर लावून ही पंक्चर-फटींची जागा तपासून बघा, असं मागू का?

रिटायर्ड_सिव्हिल

जरूर मागा. पाणी भरायचे ते लाल-पांढरे बॅरियर दोन दिवसांत लागतात, चुकलं तर सरकवता येतात. पण त्याआधी आजची मोजणी हातात असू द्या, नाहीतर आधी आणि नंतर कशाशी ताडायचं? सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 1, संध्याकाळी 6 ते 8. किती माणसं, कुठून, वय अंदाजे, मधे किती सेकंद थांबली. दर 50 मीटरला खडूनं खूण करा, प्रत्येक दोन खुणांमधे एक माणूस.

सायकलवाली_शिक्षिका

मी हडपसरला आहे, सोमवारी सकाळी येऊ शकते. नववीच्या दोन मुली पण आणते, त्यांना मोजणी जमते, शाळेच्या प्रकल्पाला केली होती.

दुकानदार

क्लिकर चार आहेत माझ्याकडं, गोदामात माल मोजायचे. घेऊन जा, पत्ता मेसेज करतो.

गावठाणवाली

मग सोमवारी पावणेसात, शाळेच्या गेटपाशी. खडू आणि 30 मीटरची टेप माझ्याकडं आहे. चहा सासूबाई करणारेत.